ऐकणाऱ्याचे माप

बायबल कधी न उघडलेल्यांनाही त्यातले एक वचन ठाऊक असते. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळते आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे उरलेसुरलेही जाते, असा त्याचा आशय. मराठी माणूस ते ऐकून लगेच मान डोलावतो, कारण पैशाकडे पैसा जातो हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. मग हे वचन विषमतेवरच्या लेखांत येते, भाषणांत येते, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच धरला जातो: श्रीमंत आणखी श्रीमंत होणार, गरीब आणखी गरीब होणार, आणि खुद्द येशूनेही ते सांगून ठेवले आहे.

या अर्थाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती १९६८ मध्ये. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून दाखवले की नामवंत शास्त्रज्ञाला त्याच्या कामापेक्षा अधिक श्रेय मिळते आणि अनोळखी संशोधकाला त्याच तोडीच्या कामाचे कमी मिळते. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या या वचनावरून त्यांनी या प्रकाराला ‘मॅथ्यू इफेक्ट’ म्हटले. त्या लेखातली बरीच सामग्री हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल-विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींतून आली होती, पण लेखावर नाव एकट्या मर्टन यांचे होते. लेख दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे त्यांनी १९७३ मध्ये स्वतःच लिहून मान्य केले. त्यांचे निरीक्षण खरेच आहे आणि माझा त्याच्याशी काही वाद नाही. वाद आहे तो त्या निरीक्षणाला मत्तयचे नाव चिकटण्याशी, कारण त्या नावामुळे माणसांनी केलेल्या अन्यायाला शास्त्रवचनाचा शिक्का मिळतो.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात अर्थ नाही, म्हणून तो देवनारमध्ये उभा राहून मांडतो. देवनारच्या कचराभूमीवर मुंबईचा कचरा १९२७ पासून पडतो आहे. हा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहराच्या चोवीस विभागांत तो अगदी तळाला होता. जानेवारी २०१६ च्या अखेरीस कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हा धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. पण तो धूर छातीत घेतला तो डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी. याच विभागातली जनता कॉलनी आणीबाणीत, १९७६ साली, अणुऊर्जा खात्याला जागा हवी म्हणून उठवली गेली आणि हजारो माणसे चिता कॅम्पला नेऊन टाकली गेली. त्यांतल्या अनेकांना त्याआधीही शहरातूनच तिथे हलवले होते. नसलेल्याचे उरलेले जाणे म्हणजे आणखी काय असते? हे सगळे पाहिलेला माणूस ते वचन ऐकून म्हणतो, खरे आहे, जगाची रीतच ही. हा पूर्वपक्ष अनुभवातून आलेला आहे आणि म्हणूनच तो आदराने ऐकला पाहिजे.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. हे वचन चार शुभवर्तमानांपैकी तिघांत मिळून पाच ठिकाणी येते: मार्कच्या चौथ्या अध्यायात, मत्तयच्या तेराव्या आणि पंचविसाव्या अध्यायांत, लूकच्या आठव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत. पाचांपैकी तीन ठिकाणी पैशाचा विषयच नाही. तिन्हींत आधी पेरणाऱ्याचा दाखला आहे. बी वाटेवर पडते, खडकाळीवर पडते, काटेरी झुडपांत पडते आणि चांगल्या जमिनीत पडते. त्याचा उलगडा ऐकण्यावर केलेला आहे: कुणी ऐकून लगेच विसरतो, कुणी आनंदाने ऐकतो पण संकट येताच गळतो, कुणाचे ऐकणे संसाराच्या काळज्या आणि धनाचा मोह गुदमरवून टाकतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण ज्या अध्यायातून संपत्तीचा नियम काढला जातो त्याच अध्यायात संपत्ती ही ऐकण्याच्या आड येणारी गोष्ट ठरली आहे.

मार्कचे शुभवर्तमान बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सर्वांत आधीचे. तिथे या वचनाच्या लगेच आधी, आपण काय ऐकतो आहोत याकडे लक्ष ठेवा, अशी ताकीद आहे. तुम्ही ज्या मापाने मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजून दिले जाईल, असे त्याला जोडून सांगितले आहे. आणि मग हे वचन. लूकने तर प्रश्न कसे ऐकता असा केला आहे आणि दुसऱ्या भागात एक बारीक पण महत्त्वाची भर घातली आहे: ज्याच्यापाशी नाही त्याचे जे जाते ते, आपल्यापाशी आहे असे त्याला वाटत असते ते. वाटण्यापुरते असलेले धन कुणी काढून घेऊ शकत नाही. कळल्याचा भ्रम मात्र पहिल्याच कसोटीला जातो. लूकमध्ये यानंतर लगेच येशूची आई आणि भाऊ त्याला भेटायला येतात, आणि वचन ऐकून त्याप्रमाणे वागणारे हेच माझी आई आणि माझे भाऊ, असे तो म्हणतो. रक्ताचे नातेसुद्धा इथे ‘असणे’ या सदरात धरलेले नाही.

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागून सुरू करतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बोलणाऱ्याचे सामर्थ्य ऐकणाऱ्याच्या लक्षावर फुलते, हा आपल्या परंपरेचा जुना अनुभव आहे. गालीलच्या सरोवराकाठी नावेत बसून बोलणारा येशू त्याच अनुभवाच्या दुसऱ्या बाजूला बोट ठेवतो. लक्ष देणाऱ्याची लक्ष देण्याची शक्ती वाढते, न देणाऱ्याची आटत जाते. वाचनशिक्षणाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये ‘मॅथ्यू इफेक्ट’ हेच नाव मुलांच्या वाचनाला लावले: लवकर वाचू लागलेले मूल अधिक वाचते, त्याने शब्द वाढतात, त्याने वाचन आणखी सोपे होते, आणि मागे पडलेले मूल पुस्तक टाळू लागून अधिकच मागे पडते. मर्टन यांच्यापेक्षा स्टॅनोविच वचनाच्या मूळ जागेच्या अधिक जवळ आहेत असे मला वाटते, कारण त्यांचा विषय ग्रहणशक्तीचा आहे. पण त्यांनी ते लिहिले मागे पडलेल्या मुलांना वेळेवर हात देता यावा म्हणून, हे विसरता कामा नये.

इथे एक अवघड आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. मत्तयच्या तेराव्या अध्यायात शिष्य विचारतात, लोकांशी दाखल्यांत का बोलता? उत्तरात हे वचन येते आणि पाठोपाठ यशयाचा कठोर उतारा, पाहूनही न पाहणाऱ्या आणि ऐकूनही न ऐकणाऱ्यांविषयीचा. मग आत असलेले काही निवडक आणि बाहेर राहिलेले बाकीचे, अशी ही जन्माची वाटणी आहे का? संपत्तीची विषमता नाकारून आम्ही कृपेची विषमता पत्करली, एवढेच झाले का?

मार्क याचे उत्तर देतो आणि ते शिष्यांच्या बाजूचे नाही. दाखला सांगून झाल्यावर बारा शिष्य आणि त्यांच्याबरोबरचे काही लोक येशूपाशी थांबले आणि त्यांनी अर्थ विचारला. त्यांना ‘आतले’ म्हणायचे ते एवढ्यावरच. अर्थ त्यांना आधी कळलेला नव्हता. हाच दाखला समजला नाही तर बाकीचे कसे समजणार, असे येशू त्यांनाच ऐकवतो. पुढे आठव्या अध्यायात नावेत भाकरी कमी आहे म्हणून शिष्य कुरकुरतात, तेव्हा डोळे असून दिसत नाही आणि कान असून ऐकू येत नाही का, हा तसाच ठपका येशू त्यांच्यावरच ठेवतो. बाहेरच्यांसाठी वापरलेले शब्द चार अध्यायांत आतल्यांवर येऊन पडतात. मार्कला जन्मजात वाटणी सांगायची असती तर हा प्रसंग त्याने ठेवलाच नसता. त्याच्या लेखी ‘असणे’ म्हणजे थांबणे आणि विचारणे. उद्या जो विचारायचा थांबेल तो बाहेर.

मराठी ख्रिस्ती इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण मला लक्ष्मीबाई टिळकांचे वाटते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. टिळक वक्ते, कवी, शास्त्राभ्यासी; युक्तिवादाची कमतरता त्यांना नव्हती. तरी लक्ष्मीबाईंचा निर्णय व्हायला पाच वर्षे लागली, आणि झाला तेव्हा तो त्यांचा स्वतःचा होता. शाळेत त्या गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. शिकलेल्यांच्या मोजपट्टीने त्या ‘नसलेल्यां’तल्या. त्यांनीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन पुढे नेले. टिळकांपाशी विद्या होती, लक्ष्मीबाईंपाशी ऐकण्याची ताकद होती: घरातल्या माणसांचे बोलणे, सोवळ्याओवळ्याचे नियम, स्वतःच्या मनातल्या शंका, सगळे त्या कान देऊन ऐकत आणि पटेपर्यंत सोडत नसत. त्यांना जे वाढवून मिळाले ते आधी साठवलेल्या धनावर मिळाले नाही. हे वचन श्रीमंतांचा नियम असते तर लक्ष्मीबाई त्याला अपवाद ठरल्या असत्या, आणि अपवाद एवढा मोठा असेल तर नियमावरच शंका घ्यावी लागते.

राहिली उरलेली दोन ठिकाणे. तिथे पैसा आहे, उघड आहे, आणि रूढ अर्थाचा खरा आधार तोच आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात मालक परदेशी जाताना एका चाकराकडे पाच टॅलंट सोपवतो, दुसऱ्याकडे दोन, तिसऱ्याकडे एक. टॅलंट हे नाण्याचे नाव नव्हे, वजनाचे. एका टॅलंटचे साधारण सहा हजार दिनार होत, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे सर्वांत कमी मिळालेल्या चाकराच्या हाती सुमारे वीस वर्षांची मजुरी होती. तो गरीब नव्हता. तिघांपैकी कुणाचेही स्वतःचे काही नव्हते, सगळे सोपवलेले होते. दाखला मालकीविषयी नाही, कारभारीपणाविषयी आहे.

पाचाचे दहा करणाऱ्याला मालक जी शाबासकी देतो तीच, अक्षर न बदलता, दोनाचे चार करणाऱ्याला देतो. श्रीमंत आणखी श्रीमंत होतो असा नियम सांगायचा असता तर इथे फरक पडायला हवा होता. तिसरा चाकर आपला टॅलंट जमिनीत पुरतो. त्या काळाच्या समजुतीने हे गैर नव्हते. ज्यू परंपरेत पुढे नोंदलेल्या मताप्रमाणे पैसा राखायचा तर जमिनीत पुरावा, आणि असे करणाऱ्यावर ठेव चोरीला गेल्याचा दोष येत नसे. आपल्याकडेही जुन्या वाड्यांत हंडे पुरून ठेवलेले असत. तिसऱ्याने ठेव राखली. त्याची चूक ही की सोपवलेल्या गोष्टीला त्याने ठेव समजले.

गेल्या काही दशकांत याच्या नेमके उलट वाचन पुढे आले आहे आणि ते मी गंभीरपणे घेतो. रिचर्ड रोहरबॉ यांनी १९९३ मध्ये आणि विल्यम हर्झोग यांनी १९९४ मध्ये शेतकऱ्यांच्या नजरेतून हा दाखला वाचला. त्यांच्या मते न पेरता कापणारा मालक शोषक आहे आणि त्याच्या नफेखोरीत सामील न होणारा तिसरा चाकर हाच खरा नायक. या वाचनाला बळ देणारी एक जुनी नोंदही आहे: कॅसारियाचा युसेबियस चौथ्या शतकात एका हिब्रू शुभवर्तमानातली कथा नोंदवतो. तिच्यात एक चाकर पैसा वाढवतो, एक लपवतो आणि एक चैनीत उधळतो, म्हणजे पुरणाऱ्यापेक्षा वाईट असा आणखी एक जण तिथे आहे. देवनारच्या बाजूने पाहिले तर हे वाचन मोहात पाडते. न पेरता कापणारे इथे पुष्कळ आहेत.

तरीही मला ते पूर्ण पटत नाही, आणि कारण मजकुरातच आहे. मालक कठोर आहे हे कोण म्हणतो? फक्त तिसरा चाकर. कथेने मालकाचे वर्णन तसे केलेले नाही. दुसऱ्या दोघांनी त्याच्याकडून एवढी रक्कम भीतीशिवाय घेतली आणि कामाला लागले. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या मोहरांच्या दाखल्यात तर मालक स्पष्ट सांगतो की तुझ्याच शब्दांवरून तुझा निवाडा करतो. म्हणजे चाकराने ज्या मापाने धन्याला मोजले त्याच मापाने त्याला मोजले गेले. मार्कच्या चौथ्या अध्यायात वचनाच्या लगेच आधी आलेले मापाचे वाक्य इथे कथारूपाने परत आले आहे. पैशाचा दाखला आणि ऐकण्याचे वचन वेगळे राहत नाहीत: चाकराच्या हातून धन गेले ते धन्याविषयी त्याने काय ऐकले आणि कसे ऐकले यामुळे. रोहरबॉ-हर्झोग यांचे एक म्हणणे मात्र मी घेतो. शोषणाची व्यवस्था या दाखल्यात आशीर्वादासाठी ठेवलेली नाही, ती ऐकणाऱ्यांच्या ओळखीचे जग म्हणून तिथे आहे. त्याच लूकच्या दाखल्यात, ज्याच्याकडे दहा मोहरा आहेत त्यालाच अकरावी देता, हा निषेध आजूबाजूचे लोक करतात. रूढ अर्थावरचा पहिला आक्षेप शास्त्रानेच स्वतःच्या पानावर नोंदवून ठेवला आहे.

आणखी एका अर्थाचे खंडन थोडक्यात करतो, कारण तो अधिक अपाय करतो. समृद्धीच्या सभांमध्ये मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला दशांश आणि हे वचन एकत्र बांधून सांगितले जाते: देवाला द्या, तो दुप्पट करून देईल, तुमच्याकडे नाही याचा अर्थ तुमचा विश्वास कमी. घरकाम करून संसार चालवणाऱ्या बाईला, तुझी गरिबी हे तुझ्या विश्वासाचे माप आहे, असे सांगणारा उपदेशक त्याच मार्कचा बारावा अध्याय वाचत नाही. तिथे मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा सर्व धनवानांपेक्षा अधिक देते, आणि तिला काही परत मिळाल्याची नोंद नाही. लूकचा बारावा अध्यायही तो वाचत नाही. तिथे कोठारे मोडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचा जीव त्याच रात्री मागितला जातो. श्रीमंतांची बढती हा ईश्वरी नियम आहे असे लूककडून सिद्ध करायचे तर निम्मे शुभवर्तमान फाडून टाकावे लागेल.

मग हे वचन कारभारीपणाविषयी नेमके काय मागते? टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते त्याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले. गिरण्यांच्या दाट वस्तीत त्यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस उभे केले. सेवेला धर्मांतराचे आमिष बनवू नये ही त्यांची ठाम भूमिका होती. वस्ती काय म्हणते ते ऐकल्यावर चांगुलपणा पुरत नाही, शिकलेले कार्यकर्ते लागतात, असे त्यांना दिसले. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर १९३६ मध्ये नागपाड्यातच समाजकार्याची शाळा सुरू झाली आणि मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले. तीच १९४४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ मध्ये देवनारला आली. मिशनकडून मिळालेले ऐकणे त्यांनी मिशनच्या आवारात पुरून ठेवले नाही. ते सर्वांच्या शाळेत गुंतवले, जिथे शिकणाऱ्याला ख्रिस्ती असावे लागत नाही. टॅलंटच्या दाखल्याचा मुंबईतला याहून नेमका उलगडा मला माहीत नाही.

मत्तयने त्या दाखल्यानंतर लगेच, त्याच अध्यायात, भुकेलेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला, यांच्याशी कसे वागलात याचा न्यायनिवाडा ठेवला आहे. सोपवलेले कुठे गुंतवायचे हा प्रश्न दाखल्यात मोकळा राहतो; ही यादी त्याचे उत्तर आहे. म्हणून वचनाचा दुसरा, कठोर भाग चिता कॅम्पच्या माणसावर लावणे हा सरळ उलटा न्याय आहे. जनता कॉलनी उठवणारा आदेश ईश्वरी नियमातून निघाला नव्हता, कचेरीतून निघाला होता, आणि त्यावर सह्या होत्या. ऐकून न ऐकल्याचा दोष लागायचा तर तो ऐकवले गेले त्यांना.

आणि मुंबईला ऐकवले गेले आहे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करा असे २००० च्या नियमांनी सांगितले, २०१६ च्या नियमांनी पुन्हा सांगितले आणि कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्या हेही त्यांत घातले. देवनारला कचरा वेचणाऱ्या बाया प्लास्टिकचे प्रकार हातात घेताच ओळखतात, कुठले भंगारवाला घेईल आणि कुठले नाही हे क्षणात सांगतात. स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रमातून अशा महिलांना खतनिर्मिती आणि बायोगॅसचे काम शिकवले, तेव्हा या ज्ञानाला शिकण्याजोगे आणि मोबदल्याजोगे मानले गेले. या बायांपाशी काही नाही असे समजून शहराने जवळजवळ शंभर वर्षे सगळा कचरा एकत्र करून त्यांच्या दारात ओतला. मार्कच्या चौथ्या अध्यायातले माप इथे लावायचे तर ते शहरालाच लावले पाहिजे, कारण दोनदा लेखी सांगून झाले आहे आणि कोणते माप वापरायचे हे अजूनही त्याच्याच हातात आहे.